जुन्या पिकअपच्या इंजिनासाठी वंगण तेलाची निवड

भारतातील मालवाहतुकीत पिकअप या छोट्या मालमोटारीचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. मोठी मालमोटार जेथे वळू शकत नाही अशा गल्लीत, घाटातील वाडीवर आणि शेताच्या बांधापर्यंत ती जाते. टाटांनी १९८८ साली टाटामोबाइल हे वाहन बाजारात आणले. त्यात १,९४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे डिझेल इंजिन होते. त्याच सुमारास महिंद्रांच्या अनेक वाहनांत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे, २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन बसविलेले असे. त्या पिढीतील काही वाहने आजही भाजीपाला, दुधाचे कॅन आणि सिमेंटची पोती वाहताना दिसतात.

अशा वाहनाचा मालक बहुधा त्याच्यावरच आपला चरितार्थ चालवीत असतो. इंजिन उघडून पुन्हा बांधावयाचे झाल्यास हंगामातील बरीचशी कमाई त्यात खर्ची पडते, आणि वाहन उभे राहते ते वेगळेच. त्या मानाने तेलाचा खर्च किरकोळ असतो. तरीही त्याची निवड पुष्कळदा ऐकीव माहितीवरून केली जाते. ‘गाडी जुनी झाली, आता जाड तेल घाला’ हा सल्ला काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कोणत्याही गॅरेजात ऐकावयास मिळतो. या सल्ल्यात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे समजण्यासाठी तेल इंजिनात काय करते हे प्रथम पाहिले पाहिजे.

तेलाची कामे

क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा तो प्रत्यक्षात धातूवर टेकलेला नसतो. फिरता दंड आपल्याबरोबर तेल ओढून घेतो. हे तेल अरुंद होत जाणाऱ्या फटीत पाचरीसारखे शिरते आणि दंडाला उचलून धरते. हा पापुद्रा केसाहूनही बारीक असतो. परंतु तो अखंड असेपर्यंत धातूला धातू लागत नाही. पापुद्र्याची जाडी तीन गोष्टींवर अवलंबून असते : दंडाचा वेग, त्याच्यावरील भार आणि तेलाचा दाटपणा. या दाटपणालाच शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात.

याखेरीज तेलाला आणखी कामे करावी लागतात. पिस्टन आणि बेअरिंग यांची उष्णता ते वाहून नेते. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट ते बुजविते. ज्वलनातून येणारी काजळी ते पोटात घेऊन विखुरलेली ठेवते आणि आम्लांचे निराकरण करते. डिझेल इंजिनात नवे तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे पडते. त्यावरून तेल खराब निघाले असे मानण्याचे कारण नाही. जी काजळी इंजिनात थरांनी साचली असती, ती तेलाने धरून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

डब्यावरील आकडे

तेलांच्या दाटपणाचे वर्गीकरण अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली प्रथम केले. पुढे त्यात अनेक सुधारणा झाल्या, पण मूळ पद्धत जगभर रूढ झाली. ‘१५ डब्ल्यू-४०’ या खुणेत दोन निरनिराळी मापे आहेत. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो. १५ डब्ल्यू या तेलाची, इंजिन फिरविताना होणारा विरोध मोजणारी कसोटी शून्याखाली २० अंश सेल्सिअसला घेतात. २० डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांना, तर १० डब्ल्यूची शून्याखाली २५ अंशांना. म्हणजे हा आकडा जितका लहान, तितक्या अधिक थंडीत तेल वाहू शकते.

दुसरा आकडा १०० अंश तापमानाचा आहे, आणि चालत्या इंजिनातील तेलाच्या तापमानाशी तो बराच जुळतो. या तापमानास ४० श्रेणीच्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ एकक, तर ५० श्रेणीची १६.३ ते २१.९ एकक या मर्यादेत असावी लागते. येथे एकक म्हणजे चौरस मिलिमीटर दर सेकंदास. थंड असताना फार न गोठणारे आणि तापल्यावर फार न पातळ होणारे असे दुहेरी श्रेणीचे तेल तयार करण्यासाठी बहुधा लांब साखळीचे रेणू मिसळतात. तापमान वाढले की हे रेणू उलगडतात आणि तेलाचा पातळपणा आवरतात. सततच्या घर्षणाने मात्र ते तुटत जातात. तेल ठरावीक अंतरानंतर बदलावे लागते, त्याचे हे एक कारण आहे.

जाड तेलाचा समज

इंजिन झिजले की फटी वाढतात. वाढलेल्या फटीतून तेल लवकर निसटते आणि तेलाचा दाब उतरतो. जाड तेल घातले की दाबमापकाचा काटा पुन्हा वर चढतो आणि मालकाचे समाधान होते. परंतु दाब आणि प्रवाह या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाब हे विरोधाचे माप आहे. नळीचे तोंड दाबून धरले तरी दाब वाढतो, पाणी मात्र कमी येते.

इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात ते सुरू होताना होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातील बहुतेक तेल तळाशी उतरलेले असते. पहाटे किल्ली फिरविल्यापासून तेल वरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचेतो जो काळ जातो, त्यात धातू जवळजवळ उघडाच फिरत असतो. तेल जितके दाट, तितका हा काळ लांबतो. दाब वाढविण्यासाठी घातलेले जाड तेल थंड प्रदेशात अशा रीतीने झीजच वाढवू शकते.

धुराचीही हीच गोष्ट. निळसर धूर म्हणजे तेल जळत असल्याची खूण. परंतु ते व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून उतरत आहे की पिस्टनच्या कड्यांवरून वर येत आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. सीलची दुरुस्ती तुलनेने स्वस्त असते. जाड तेलाने धूर काही काळ लपतो, दोष मात्र तसाच राहतो. म्हणून सिलिंडरमधील संपीडन मोजून घेणे ही तेल बदलण्यापूर्वीची पायरी होय.

याचा अर्थ जाड तेल सर्वस्वी वर्ज्य असा नाही. संपीडन ठीक आहे, प्रदेश उष्ण आहे, आणि तापलेल्या इंजिनाचा दाब मंद गतीवर पुस्तिकेतील मर्यादेखाली जात आहे, अशा वेळी ४० ऐवजी ५० श्रेणीकडे एक पायरी जाणे युक्त ठरते. दाबमापक बिघडलेला नाही याची खात्री मात्र आधी केली पाहिजे.

प्रदेशाप्रमाणे निवड

भारतासारख्या देशात एकच उत्तर सर्वत्र लागू पडणे शक्य नाही. राजस्थानातील चुरू येथे १ जून २०१९ रोजी ५०.८ अंश तापमानाची नोंद झाली. उलट लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली १५ अंशांच्या आसपास उतरतो. एकाच बनावटीची दोन पिकअप वाहने या दोन गावी असतील, तर त्यांची गरज वेगळी आहे. चुरूच्या वाहनास १५ डब्ल्यू-४० किंवा, वर सांगितलेल्या परिस्थितीत, २० डब्ल्यू-५० चालेल. तेच २० डब्ल्यू-५० लेहच्या पहाटे आपल्या मर्यादेवर येऊन ठेपते आणि जुन्या बॅटरीला इंजिन फिरविणेही जड जाते. तेथे १० डब्ल्यू-४० किंवा ५ डब्ल्यू-४० योग्य. कोकण, बंगाल किंवा केरळ येथील दमट पण सौम्य हवेत १५ डब्ल्यू-४० बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांस पुरेसे आहे.

श्रेणीची अक्षरे आणि बदललेले इंधन

दाटपणाइतकीच महत्त्वाची दुसरी खूण म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने दिलेली अक्षरे. ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनांसाठी आणि ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनांसाठी असते. जुन्या पुस्तिकांत सी-डी अशा श्रेणी आढळतात. त्यांच्या जागी सी-एच-४ (१९९८), सी-आय-४ (२००२) किंवा सी-के-४ (२०१६) या श्रेणींचे तेल वापरता येते. एफ-ए-४ ही श्रेणी मात्र नव्या इंजिनांसाठी मुद्दाम पातळ ठेवलेली आहे. ती जुन्या इंजिनात घालू नये.

जुन्या सल्ल्यांपैकी एक सल्ला इंधनामुळे बदलला आहे. ही वाहने नवी होती तेव्हा भारतीय डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण फार असे. ज्वलनात त्याचे आम्ल बनून ते बेअरिंगे आणि सिलिंडर खात असे. त्यामुळे तेलातील आम्लनाशक द्रव्ये लवकर संपत. १ एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहापेक्षा अधिक गंधक नसते. आम्लाचे भय आता पुष्कळ कमी झाले आहे. काजळी, धूळ आणि तेलात झिरपणारे डिझेल हे शत्रू मात्र कायम आहेत.

जुन्या पेट्रोल इंजिनांत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्यांच्या कॅमवर सपाट तळाचे टॅपेट घासत चालतात. या घर्षणापासून संरक्षण करण्याचे काम जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग करते. फॉस्फरसमुळे नव्या वाहनांतील धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी होते, म्हणून २००४ पासून ५ डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यावर रोखण्यात आले. १५ डब्ल्यू-४० आणि २० डब्ल्यू-५० या दाट श्रेणींना ही मर्यादा लागू नाही. म्हणून जुन्या पेट्रोल पिकअपसाठी अशा श्रेणीचे तेल अधिक सुरक्षित ठरते.

निगा

तेल कितीही चांगले असले तरी ते वेळेवर बदलले नाही, तर निवडीचे श्रम वाया जातात. महाग कृत्रिम तेल घालून ते दुप्पट काळ चालविण्यापेक्षा, योग्य श्रेणीचे साधे खनिज तेल फिल्टरसह नियमाने बदलणे जुन्या इंजिनास अधिक मानवते. रोज सकाळी सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहावी. पातळी उतरली तर तेल गळते किंवा जळते आहे. पातळी आपोआप वाढली तर डिझेल किंवा पाणी आत शिरत आहे, आणि ही बाब अधिक गंभीर होय. तेल दुधाळ दिसल्यास वाहन चालवूच नये. काढलेले तेल मातीत किंवा गटारात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. त्याचा वारंवार होणारा स्पर्श त्वचेलाही अपायकारक असतो.

सारांश, इंजिनाचे वय हे तेल निवडण्याचे माप नव्हे. त्याची बांधणी, त्याची आजची अवस्था, प्रदेशाचे हवामान आणि इंधन या चार गोष्टी पाहून तेल ठरवावे लागते. पुस्तिका हाताशी असेल तर तीच पहिला आधार होय. तिच्यापासून दूर जावयाचे ते कारण समजून, आणि एकेका पायरीने.