बेंबीवरचा उभा व्रण

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळचा आमच्या डॉक्टरांचा दवाखाना मागच्या महिन्यात कायमचा बंद झाला. त्याच आठवड्यात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीतला पंचविशीचा पोरगा रक्ताची उलटी होऊन इस्पितळात भरती झाला. कंबरदुखीसाठी तो मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणायचा आणि पहिल्या पाळीला निघताना उपाशीपोटी घ्यायचा. चार दिवस डांबरासारखी काळी शी होत होती, पण ते त्याला कुणी विचारलंच नाही. कुठली गोळी, तेही घरच्यांना सांगता येईना, कारण कापून दिलेल्या तुकड्यावर नावच नव्हतं.

इथल्या फौंड्र्यांत पोटाचा अल्सर नवा नाही. सत्तरचं दशक सोडा, ते जेलुसिल आणि दूधभातावर गेलं. तिथं रेंगाळण्यासारखं काही नाही. मला सांगायचंय ते १९८५ ते ९५ या काळाबद्दल. पाळी सुटली की मोल्डर नळाखाली अंग धुवायचे. त्यातल्या काहींच्या पोटावर छातीच्या खळगीपासून बेंबीपर्यंत उभा व्रण असायचा, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. अल्सरचं ऑपरेशन! जठरात आम्ल वाढवणारी नस कापायची आणि जठराला आतड्याची नवी वाट जोडायची. रक्त थांबलं नाही तर रात्रीच पोट उघडायला लागे. बाहेर नातेवाईक रक्ताच्या बाटलीसाठी वणवण करायचे. तेव्हा ते विकतही मिळे; पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो १९९६ मध्ये.

आणि दोष कुणाचा? कामगाराचा. तिखट खातो, काळजी करतो, पितो. रजेच्या अर्जावर ‘अल्सर’ दिसला की फोरमन माणसाला दारुडा ठरवून मोकळे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्यांनीही हे मान खाली घालून ऐकलंय. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. कारण बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अल्सरला कारणीभूत असणारा जठरातला जंतू वाढवून दाखवला होता. १९८४ मध्ये मार्शलनं तो स्वतः पिऊन जठराला सूज आणली. बहुतेकांना हा जंतू लहानपणीच लागतो, दाटीवाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्यातून. दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, दोन आठवडे. एवढ्यानं कितीतरी पोटं न फाडता राहिली असती. त्या दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं, आमच्या माळकऱ्यांची मात्र कुणी माफी मागितली नाही.

दारूनंही रक्त जातं, पण त्याची तऱ्हा वेगळी. लिव्हर कडक होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. इथं कर्नाटकात जुलै २००७ पासून अरॅक ही देशी दारू बंद झाली, पण पिणारे दुसऱ्या दारूकडे वळले.

आज दुर्बिणीतून वाहणारी शीर दिसते, तिथं इंजेक्शन देता येतं, क्लिप लावता येते, फुगलेल्या शिरांना रबरी बँड घालता येतो. ऑपरेशन आता क्वचितच लागतं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण दुर्बिणीपर्यंत माणूस वेळेत पोचायला आधी कुणीतरी ओळखायला हवं. आमचे डॉक्टर खालची पापणी ओढून बघायचे, मग विचारायचे, “शी काळी होतीय काय? लोहाच्या गोळ्या चालू आहेत काय?” पोटात रक्त गेल्यावर होते तशी लोहानंही शी काळी होते, म्हणून दुसरा प्रश्न. हातगुण म्हणायचो आम्ही. खरं तर ती विचारपूस होती. ती गेली याचं मला दवाखान्यापेक्षा जास्त दुःख आहे.

डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असा कायदा आहे. अशा गोळ्यांनी जठराचं अस्तर उघडं पडतं, आणि जंतू आधीच असला तर धोका आणखी वाढतो. तरी दोन रुपये टाकले की गोळी हातात. चिठ्ठी मागा, गोळीचं नाव लिहून द्या, आणि काउंटरवर उभ्या माणसाला एकदा तरी विचारा, बाबा, काही खाल्लंस का, पोट दुखतंय का. उद्यमबागेतल्या प्रत्येक मेडिकलवाल्याकडे माझं एवढंच मागणं आहे आणि ते पुरं होईपर्यंत मी त्यांच्या दारात जाऊन मागत राहणार आहे.