पापलेट वीतभर होण्याआधी

पालघरजवळच्या माहीमला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला पानवेली आणि केळीच्या वाड्या. किनाऱ्याने उत्तरेला शिरगाव ओलांडलं की सातपाटी येतं. मुंबईच्या बाजारात सातपाटीचा पापलेट नावाने मागितला जातो. 2023 मध्ये महाराष्ट्राने याच रुपेरी पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. पापलेट पूर्वीसारखा मिळत नाही आणि मिळतो तो लहान, ही मच्छीमारांची तक्रार मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे.

तिचं मूळ जाळ्यात दिसतं. दालदी जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, डोकं घालतो आणि कल्ल्यांमागे अडकतो. आस मोठा असला की पिल्लू सरळ पार निघून जातं. डोल जाळ्याची तऱ्हा निराळी. हे पिशवीसारखं जाळं प्रवाहाकडे तोंड करून बांधलेलं असतं. बोंबील आणि जवळ्यासाठी त्याचा आस बारीकच हवा, आणि त्याच पाण्यात पापलेटची पिल्लंही असतात. डोलवाल्याला दोष देऊन हा पेच सुटत नाही. एकाच पाण्यात इतक्या जाती एकत्र नांदतात, हीच या समुद्राची श्रीमंती आणि हीच त्याची अडचण.

1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची मासेमारीबंदी प्रजननाला उसंत देते. 2023 मध्येच राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. पण माप घ्यायची वेळ येते तेव्हा पिल्लू मेलेलं असतं. म्हणून खरी नजर बाजारावर हवी. लहान पापलेटला गिऱ्हाईकच नसेल, तर पिल्लांच्या जागी जाळं टाकण्यात आणि डिझेल जाळण्यात कुणालाच फायदा उरणार नाही. हॉटेलवाले आणि घरी मासा नेणारे, दोघांनीही ताटलीत मावणारा छोटा पापलेट नाकारायला हवा.

सगळा भार मच्छीमारावर टाकणंही अन्यायाचं. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जातं. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. त्यापलीकडे, समुद्रात भराव घालून उभ्या राहणाऱ्या वाढवण बंदराला केंद्राने जून 2024 मध्ये मंजुरी दिली. जाळ्याचा आस मोजणाऱ्या सरकारने या पाण्याचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मागायला हवा.