चॉक ते चॉक

पहाटे 3.50. नालासोपारा. मुंबई विमानतळावरचा एक लोडर कामाला निघतो. जानेवारी, म्हणून स्वेटर. डब्यात चपाती-बटाटा, रात्रीच भरलेला. या वेळच्या लोकलला बसायला जागा मिळते, एवढीच या शिफ्टची चैन. अंधेरी 34 किलोमीटर. पुढे तिघांत एक रिक्षा.

5.10. विमानतळाच्या गेटवर सीआयएसएफचा जवान पास बघतो, अंग चाचपतो, डबाही उघडायला लावतो. आत गेलं की जॅकेट, इअरमफ, हातमोजे. मोजे महिनाभरात फाटतात. नवे मिळेपर्यंत स्वतःचे, सत्तर रुपयांचे.

5.50. कोलकात्याचं विमान, एअरबस 320. बेल्टवरून बॅगा वर चढतात. विमानाच्या पोटातल्या होल्डमध्ये हा आणि एक जोडीदार. उंची जेमतेम सव्वा मीटर, उभं राहता येत नाही, सगळं काम गुडघ्यांवर. जड बॅगा खाली, हलक्या वर, शेवटी जाळी. तिकिटावर 15 किलोची मर्यादा असते. हाताला ती क्वचितच खरी वाटते. "चाकवाल्या बॅगेचं वरचं हँडल धरायचं नाही, तुटतं," तो सांगतो. तुटलं की विचारणा लोडरकडेच. शंभरावर बॅगा लागेपर्यंत थंडीतही बनियन भिजलेलं.

6.40. विमान ढकलणारा टग जोडला. हेडसेटवाला कॅप्टनशी बोलून अंगठा दाखवतो. हा वाकतो आणि चाकाला लावलेला चॉक ओढतो. रबराच्या पाचरांची जोडी, मधे दोरी. विमान मागे हललं की प्रवासाचं घड्याळ सुरू. वेळापत्रकातले 2 तास 35 मिनिटं इथून मोजायचे. सरळ रेघेत कोलकाता सुमारे 1,660 किलोमीटर. नुसत्या वेगाने भागलं तर दोन तासच येतात. बाकीची मिनिटं चढण्या-उतरण्यात आणि रांगेत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. रांग ठरलेली.

9.15. तिकडे कुणीतरी चॉक लावला असेल. इकडे मधली दोन विमानं उरकून चहा-वडापाव, 32 रुपये. हातात पगार बावीस हजार, खोलीचं भाडं साडेसहा. जुलै 2024 मध्ये अशाच कामाच्या भरतीला कलिन्यात हजारो पोरं लोटली होती. पगाराबद्दल तो फार बोलत नाही.

12.55. तेच विमान परत. अंतर तेवढंच, पण येताना 3 तास. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना ढकलतो, येताना आडवा येतो. वेळापत्रक करणाऱ्यांनी तो आधीच धरलेला असतो. इंजिनं बंद होऊन पोटाखालचा लाल दिवा विझेपर्यंत कुणी पुढे जात नाही. मग नाकाखालच्या चाकाला चॉक. होल्ड उघडला की नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या गुळाच्या मिठाईची खोकी. ती हळू उतरवतात; दाबली गेली तर रस गळतो आणि बेल्ट पुसत बसावं लागतं.

2.05. सुपरवायझर येतो. "भाऊ, चार तास थांबतोस का? एक जण आला नाही." हा आधी ओव्हरटाइमचा दर विचारतो. मग घरी फोन, जेवायला थांबू नका म्हणून. तोवर इंदूरच्या ट्रॉल्या लागल्यात. सव्वा तासाचं विमान, आणि बॅगा कोलकात्याएवढ्याच.