हरून टिकल्या, जिंकून गेल्या

१२ डिसेंबर २०१८. लंडनच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यात, थेम्स नदीकडे तोंड असलेल्या मजल्यावर, समित्यांच्या बैठकांसाठी खोल्यांची लांब रांग आहे. त्यातल्या १४ क्रमांकाच्या खोलीत संध्याकाळी सहा ते आठ गुप्त मतदान झालं. मतदार फक्त ३१७, सगळे हुजूर पक्षाचे खासदार. थेरेसा मे यांच्यावर पक्षनेत्या म्हणून विश्वास आहे की नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. नऊ वाजता आकडे बाहेर आले : २०० बाजूने, ११७ विरोधात. मे यांचं पंतप्रधानपद वाचलं. पक्षाचा नियम असा की असा ठराव एकदा जिंकला की पुढचे बारा महिने नेत्याला पुन्हा आव्हान देता येत नाही.

त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत त्यांच्या सरकारचा संसदेत आधुनिक काळातला सर्वांत मोठा पराभव झाला, तरी त्या पदावरच राहिल्या. आणि बारा महिन्यांच्या अभयाचे साडेसहा महिने शिल्लक असताना, २४ मे २०१९ रोजी, १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारासमोर त्यांनी राजीनामा जाहीर केला. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. हरल्यावर टिकणं आणि जिंकल्यावर जाणं, हे दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला सहा महिन्यांत यावं, याचं मला आजही नवल वाटतं. खोलात गेलं की हे नवल कमी होत नाही, उलट वाढतं.

पक्षांतर्गत अविश्वासाची सुरुवात पत्रांनी होते. मंत्रिपद नसलेल्या हुजूर खासदारांची एक समिती आहे. तिचं नाव १९२२ समिती, पण ती स्थापन झाली १९२३ मध्ये. आदल्या वर्षी पहिल्यांदा निवडून आलेल्या खासदारांनी ती सुरू केली होती. नेता नको असेल तर खासदाराने समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहायचं. २०१८ च्या नियमानुसार पक्षाच्या १५ टक्के खासदारांची पत्रं जमली की मतदान होत असे. तेव्हा हा आकडा ४८ होता आणि अध्यक्ष होते सर ग्रॅहम ब्रेडी. पत्रं किती आली, हे अध्यक्ष कोणालाही सांगत नाहीत, खुद्द पंतप्रधानांनाही नाही. ६.६ कोटींच्या देशाचा पंतप्रधान किती पत्रांच्या अंतरावर उभा आहे, हे एकट्या माणसाला ठाऊक! नोव्हेंबरमध्ये हुजूर खासदार जेकब रीस-मॉग यांनी पत्र दिल्याचं संसदेबाहेर कॅमेऱ्यांसमोर सांगितलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता भरले ४८. भरले नाहीत. डिसेंबरमध्ये मे यांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या (ब्रेक्झिटच्या) आपल्या करारावरचं मतदान ऐनवेळी पुढे ढकललं, तेव्हा भरले.

मतदानाच्या दिवशी एकेक मत किती मोलाचं होतं, याची एक खूण सांगतो. गैरवर्तनाच्या आरोपांमुळे पक्षाने निलंबित केलेल्या दोन खासदारांना त्याच दिवशी परत घेतलं गेलं. शिवाय २०२२ ची निवडणूक आपण लढवणार नाही, असं मे यांना स्वतःच्या खासदारांपुढे कबूल करावं लागलं. जिंकण्याची ही किंमत होती. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांनीही पहिल्या फेरीत मायकेल हेसेल्टाइन यांना २०४ विरुद्ध १५२ असं मागे टाकलं होतं. तेव्हाच्या नियमाला लागणारी आघाडी चार मतांनी हुकली आणि दोन दिवसांत त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

पण मे यांना खरी धडक बसली ती पक्षाच्या खोलीत नाही, सभागृहात. आणि तिचं मूळ भूगोलात होतं.

आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये जवळपास ५०० किलोमीटरची सरहद्द आहे. ती शेतांमधून, गावांमधून जाते. तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला, लष्करी चौक्या गेल्या, आणि आता तिथून गाडी नेताना देश बदलल्याचं कळतसुद्धा नाही. ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडल्यावर हीच रेषा महासंघाची बाह्य सीमा होणार होती. मालाची तपासणी कुठेतरी करावी लागणारच. ती जमिनीवरच्या सरहद्दीवर करा, नाहीतर उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रात करा, नाहीतर संपूर्ण ब्रिटनला युरोपच्या सीमाशुल्क व्यवस्थेत ठेवून तपासणीची गरजच काढून टाका. चौथी वाट नाही.

मे यांनी या तिन्ही वाटा एकेक करून बंद केल्या होत्या. जानेवारी २०१७ मध्ये लँकेस्टर हाउसच्या भाषणात त्यांनी महासंघाची एकसंध बाजारपेठ सोडण्याचं आणि सीमाशुल्क संघातलं पूर्ण सदस्यत्वही नाकारण्याचं धोरण जाहीर केलं. जमिनीवर चौक्या उभारणार नाही, हा शब्द दिलेलाच होता. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रातली सीमा ब्रिटनचा कोणताही पंतप्रधान कधीही मान्य करणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यामुळे नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५८५ पानांच्या करारात ‘बॅकस्टॉप’ घालावा लागला : दुसरा तोडगा निघेपर्यंत संपूर्ण ब्रिटन युरोपबरोबर सीमाशुल्काच्या एकाच क्षेत्रात राहील. सुटकेची तारीख त्यात नव्हती.

१५ जानेवारी २०१९ च्या रात्री या करारावर मतदान झालं. ब्रिटिश संसदेत मत द्यायला बटण नसतं. खासदार उठून ‘होय’च्या किंवा ‘नाही’च्या दालनातून चालत जातात आणि त्यांची मोजदाद होते. त्या रात्री मजूर पक्षाच्या ट्युलिप सिद्दीक व्हीलचेअरवरून आल्या होत्या. मत देता यावं म्हणून त्यांनी स्वतःची प्रसूतीची शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती. (त्यांच्यामुळे गाजलेल्या वादानंतर त्याच महिन्यात संसदेने बाळंतपणाच्या रजेवरच्या खासदारांना दुसऱ्यामार्फत मत देण्याची मुभा दिली.) निकाल : बाजूने २०२, विरोधात ४३२. फरक २३०. याआधीचा उच्चांक १९२४ मधला होता, १६६ मतांचा.

विरोधात गेलेल्यांमध्ये ११८ जण मे यांच्याच पक्षाचे होते, आणि त्यांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट. बोरिस जॉन्सन यांना वाटत होतं की हा करार ब्रिटनला युरोपशी जखडून ठेवतो. त्यांचे धाकटे बंधू जो जॉन्सन यांना महासंघ सोडण्यावर दुसरं सार्वमत हवं होतं. दोघे भाऊ ब्रेक्झिटच्या दोन टोकांना, आणि मत मात्र एकच, विरोधात. दुसऱ्याच दिवशी सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. तो ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी पडला, कारण आदल्या रात्री बंड केलेला एकही हुजूर खासदार सरकारच्या विरोधात गेला नाही. चोवीस तासांत त्याच सभागृहाने त्याच पंतप्रधानाला दोन निकाल दिले : तुमचं धोरण नको, पण तुम्ही राहा.

आपल्याकडे हे घडणं जवळपास अशक्य आहे. १९८५ पासून पक्षाचा व्हिप झुगारून मत दिलं की खासदारकी किंवा आमदारकीवर गदा येते. २०२२ नंतर महाराष्ट्रात व्हिप कोणाचा यावरून किती काथ्याकूट झाला, ते वाचकांना ठाऊक आहेच. ब्रिटनमध्ये ११८ जणांनी पंतप्रधानांच्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रस्तावाविरुद्ध मत दिलं आणि एकाचीही खासदारकी गेली नाही. पंतप्रधानाला तिथे स्वतःच्या बाकांवरच्या प्रत्येक माणसाला पटवावं लागतं. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, पण ती किती निर्दय आहे हेही त्या हिवाळ्यात दिसलं.

मार्चमध्ये करार पुन्हा १४९ मतांनी पडला. एकदा नाकारलेला प्रस्ताव त्याच अधिवेशनात जसाच्या तसा पुन्हा आणता येणार नाही, असं सभापती जॉन बरको यांनी बजावलं आणि त्यासाठी थेट १६०४ पासूनच्या प्रथेचा हवाला दिला. २७ तारखेला खासदारांनी स्वतःच आठ पर्यायांवर मतं दिली, आठही पडले. त्याच दिवशी मे यांनी आपल्या खासदारांना सांगितलं की करार मंजूर करा, मी पद सोडते. जॉन्सन आणि रीस-मॉग त्यानंतर बाजूने आले, तरी २९ मार्चला करार ५८ मतांनी पडलाच. १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा पर्याय तर अवघ्या तीन मतांनी गेला, २७३ विरुद्ध २७६.

तोपर्यंत ‘मे नाहीत तर कोण’ हा लंडनचा रोजचा विषय झाला होता. मंत्रिमंडळात त्यांच्यानंतरचे समजले जाणारे डेव्हिड लिडिंग्टन यांचं नाव हंगामी पंतप्रधान म्हणून वर्तमानपत्रांत आलं. पंतप्रधानांबरोबर जवळून काम केल्यावर ते पद मिळवण्याची उरलीसुरली इच्छाही नाहीशी होते, असं त्यांनी सांगून टाकलं. मे महिन्यात युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्ष पाचवा आला, जेमतेम ९ टक्के मतांवर. निकाल लागण्याआधीच मे यांनी राजीनामा जाहीर केला होता.

वारस निवडायला दहा उमेदवार उभे राहिले. खासदारांच्या पहिल्या फेरीत जॉन्सन ११४, जेरेमी हंट ४३, मायकेल गोव्ह ३७. त्या दहांमध्ये रोरी स्टुअर्ट नावाचे एक उमेदवार होते. उद्यानांत, रस्त्यांवर लोकांशी बोलत फिरायचे, फोनवर स्वतःच चित्रफिती काढायचे. युरोप करार नव्याने करणार नसेल आणि संसद कराराशिवाय बाहेर पडू देणार नसेल, तर नवा नेता वेगळं काय करणार, असं ते विचारत राहिले. त्यांना १९ मतं मिळाली, मग ३७, मग २७, आणि ते बाद झाले. शेवटच्या दोघांतून निवड पक्षाच्या सुमारे १ लाख ६० हजार सभासदांनी केली. जॉन्सन यांना ९२,१५३ मतं पडली. देशातले नोंदलेले मतदार साडेचार कोटींच्या वर.

स्टुअर्ट यांच्या प्रश्नाचं उत्तर सहा आठवड्यांत मिळालं. ३ सप्टेंबरला जॉन्सन पंतप्रधान म्हणून सभागृहातलं पहिलंच मतदान ३२८ विरुद्ध ३०१ असं हरले. त्यांनी २१ बंडखोरांना पक्षातून काढलं, त्यात चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते. दोन दिवसांनी बंधू जो यांनी मंत्रिपद सोडलं. माणूस बदलला होता, बेरीज तीच होती. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांनी मे यांनी बंद केलेल्या तीन वाटांपैकी एक उघडली : समुद्रातली सीमा. आणि १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ३६५ जागा आणून सभागृहच बदललं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला.

मग मे यांना तोलायचं कसं? त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. एवढे पराभव सोसून प्रत्येक वेळी पुन्हा सभागृहात उभं राहणं सोपं नसतं. पण त्यांची खरी चूक करारात शोधू नये. १८ एप्रिल २०१७ रोजी, जनमत चाचण्यांत सुमारे २० टक्क्यांची आघाडी असताना, त्यांनी गरज नसलेली निवडणूक जाहीर केली. वृद्धांच्या देखभालीच्या खर्चाबद्दलचं जाहीरनाम्यातलं एक कलम चार दिवसांत बदलावं लागलं, प्रचार घसरला, आणि बहुमत असलेला पक्ष ३१७ वर आला. सरकार टिकवायला उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाचे १० खासदार घ्यावे लागले. समुद्रातली सीमा कोणत्याही परिस्थितीत मान्य न करणारा पक्ष तो हाच. जी वाट पुढे जॉन्सन यांना मोकळी मिळाली, तिच्यावर मे यांनी स्वतः पहारा बसवून घेतला होता. मे यांच्या नेतृत्वाचा निवाडा करायचा तर तो ८ जून २०१७ च्या रात्रीपासून करावा लागेल. २०१९ मधल्या तिन्ही पराभवांची मुळं त्या मतमोजणीत आहेत.