टकटक, आरसा आणि खिरापतीचा डबा

टेबलावर बोटांनी एखादं गाणं वाजवून दाखवा. गाणं अगदी ओळखीचं घ्या. मी मागच्या रविवारी भाचीसमोर गणपतीची आरती वाजवली. झांजा-टाळ्यांसकट, म्हणजे माझ्या डोक्यात तरी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, दार वाजतंय का?"

वाईट वाटून घेतलं नाही, कारण स्टॅनफर्डमध्ये 1990 साली एलिझाबेथ न्यूटन यांनी हाच खेळ प्रयोग म्हणून मांडला होता. एकूण 120 गाणी टकटक करून वाजवली गेली. वाजवणाऱ्यांना खात्री होती की निम्मी तरी ओळखली जाणार. ओळखली गेली फक्त 3! वाजवणाऱ्याच्या कानात अख्खा ऑर्केस्ट्रा चालू असतो, समोरच्याला नुसती ठकठक ऐकू येते. ऑफिसातल्या अर्ध्या ई-मेल्सचं दुखणं हेच.

याच दुखण्यावर पाठीला पाठ लावून खेळायचा एक खेळ आहे. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं न बघता काढायचं. "एक घर काढ, वर त्रिकोण" एवढ्यावर भागेल असं वाटतं. पण 'वर' म्हणजे घराच्या वर की कागदाच्या वर? त्रिकोण केवढा? पहिल्या फेरीत दुसऱ्याला तोंड उघडायची बंदी, दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायची मुभा. दोन्ही कागद शेजारी ठेवा, ट्रेनरचं तासाभराचं भाषण वाचतं.

आरशाचा खेळ त्याहून मजेशीर. दोघं समोरासमोर उभे. एकानं हात हलवायचा, दुसऱ्यानं आरशासारखं तेच करायचं. शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी असले खेळ नटांसाठी रचले, 1963 साली त्यांचं पुस्तकही निघालं. पुढे 'मॅश' मालिकेतले अभिनेते ॲलन अल्डा यांनी असे खेळ चक्क शास्त्रज्ञांना खेळायला लावले, आपलं संशोधन चारचौघांना समजेल असं सांगता यावं म्हणून. यातली गोम अशी की, पुढे असणाऱ्यानं भराभर हात फिरवले की आरसा फुटतो. समोरच्याला झेपेल एवढाच वेग ठेवावा लागतो. (हा खेळ काही प्राध्यापकांना सक्तीचा करावा, असं माझं फार दिवसांचं मत आहे.)

स्पॅगेटीच्या 20 काड्या, थोडी दोरी, थोडी चिकटपट्टी, एक मार्शमेलो आणि 18 मिनिटं. मनोरा उभारायचा, मार्शमेलो टोकावर. टॉम वुजेक यांनी हा खेळ देशोदेशी खेळवला, तर बालवाडीतली पोरं एमबीएच्या विद्यार्थ्यांना भारी पडली. एमबीएवाल्यांचा वेळ साहेब कोण, हे ठरवण्यात जातो.

आता आपल्या अंगणातला खेळ. भोंडला संपला, फेर थांबला, यजमानीण झाकलेला डबा घेऊन आली. खिरापत ओळखा! कच्च्या खेळाडू लगेच ओरडतात, "करंज्या! लाडू! भेळ!" मुरलेली मुलगी आधी विचारते, "तिखट की गोड?" मग "कोरडी की ओली?" मग "डबा वाजवून दाखवा ना काकू." एकेका प्रश्नाला अर्धे पदार्थ बाद. गणिताचा हिशेब सांगतो: प्रत्येक प्रश्नाला शक्यता बरोब्बर निम्म्या होत गेल्या, तर 20 प्रश्नांत 10,48,576 वस्तूंमधली एक हुडकता येते. अमेरिकेत 'ट्वेंटी क्वेश्चन्स' नावाचा असाच खेळ 1940च्या दशकात रेडिओवर गाजला. आपल्याकडे बक्षीस म्हणून वाटलीडाळ मिळते, तेव्हा आपलाच खेळ सरस.

खेळ फसतातही बरं का. ताराबाई मोडकांचे सहकारी गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर मोठ्या हौसेनं वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि पोरं आणखीच गोंगाट करतात. मग तो गोष्ट सांगायला घेतो, तेव्हा कुठे वर्ग कान देतो.

येत्या नवरात्रात डबा समोर आला की पदार्थांची यादी म्हणू नका. आधी तिखट की गोड ते विचारा. आणि काकू डबा हलवतील तेव्हा कृपा करून सगळ्याजणी एकदम बोलू नका, आवाज ऐकू येत नाही.