मूत्रपिंडाला लागलेली धाप

मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्री दोन गोष्टी छळतात: डोकेदुखी आणि सारखं लघवीला उठणं. थंडीमुळे असेल, असं आपण समजतो. थंडीचा हात असतोच; पण ३,५०० मीटरवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश. ही टंचाई जाणवताच मीठ-पाणी धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि रक्तातलं पाणी बाहेर पडतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन तपासलं तर वाढलेलं दिसतं. फसू नका. दूध आटवलं की दाट होतं, वाढत नाही.

खरी वाढ करतं एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ. गंमत अशी की ते फुफ्फुसात नाही, मुख्यतः मूत्रपिंडात बनतं. डायलिसिसच्या रुग्णांना त्याची इंजेक्शनं घ्यावी लागतात ती याचमुळे. पेशीत ‘एचआयएफ’ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत मोडीत निघतं. ऑक्सिजन घटला की ते तगतं, केंद्रकात शिरतं आणि ईपीओचं जनुक जागं करतं. हे कोडं उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. ईपीओ काही तासांत चढतं. तांबड्या पेशींची भरती मात्र आठवडे घेते.

पण जास्त रक्त म्हणजे जास्त ताकद, हे खरं नव्हे. रक्त फार दाट झालं तर हृदयाला ते ढकलणंच जड जातं. अँडीज पर्वतात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांनाही हा त्रास होतो. पेरूच्या कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये त्याचं वर्णन केलं. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन मात्र ४,००० मीटरवरही बऱ्याचदा सपाटीवरच्या माणसाइतकंच असतं. एचआयएफशी संबंधित ‘ईपीएएस१’ या जनुकाचा त्यांच्यातला प्रकार ईपीओची हाकाटी सौम्य ठेवतो, हे २०१० मध्ये कळलं. अँडीजमधला लामा (भिक्षू नव्हे, उंटाचा भाऊबंद) हाही रक्त दाट करत बसत नाही. त्याचं हिमोग्लोबिनच ऑक्सिजनला घट्ट धरतं.

आपल्याकडे यातलं काहीच नाही. तेव्हा लेहला विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस खोलीवर निवांत लोळा. खारदुंग ला खिंड कुठे पळून जात नाही.