सॉफ्टवेअर डेव्हलपर ते मशीन लर्निंग : नोकरी सांभाळून स्वतः कसं शिकायचं?

फोनवर ‘काय करत’ एवढं टाइप केलं की कीबोर्ड पुढे ‘आहेस’ सुचवतो. हा शब्द कुणा प्रोग्रामरने तिथे हाताने लिहून ठेवलेला नसतो. लोक लिहितात तशी असंख्य वाक्यं पाहून सॉफ्टवेअरने तो अंदाज बांधलेला असतो. यालाच म्हणतात मशीन लर्निंग, म्हणजे एमएल.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि चार वर्षं जावामध्ये बॅकएंडचं काम केलं. मग एमएलकडे वळायचं ठरवलं. घराचा हप्ता चालू होता, त्यामुळे नोकरी सोडून महागडा कोर्स लावणं शक्यच नव्हतं. रोज रात्री दीड तास, रविवारी चार तास, असं शिकलो. त्यात एकदा चांगलाच आपटलो. तो किस्सा पुढे सांगतोच, कारण तोच या लेखाचा खरा मुद्दा आहे.

नेमका फरक काय?

नेहमीच्या प्रोग्रामिंगमध्ये नियम आपण लिहितो. ‘पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा कमी असेल तर एरर दाखव.’ एमएलमध्ये आपण उदाहरणं देतो आणि नियम मॉडेल शोधतं. हजारो स्पॅम आणि साधे मेसेज दाखवा, म्हणजे नवा मेसेज स्पॅम आहे का याचा अंदाज ते करू लागतं.

डेव्हलपरचं घोडं इथेच अडतं. आपल्या कोडमध्ये चूक असेल तर बऱ्याचदा एरर येते, ॲप बंद पडतं, टेस्ट फेल होते. मॉडेल मात्र चुकीचं असलं तरी छान चालतं. लाल अक्षरात काहीच येत नाही. उलट स्कोअर मस्त दिसतो!

माझा कांद्याचा प्रोजेक्ट

सहा महिने शिकून झाल्यावर मी लासलगावच्या कांद्याचा भाव सांगणारं मॉडेल बनवलं. सरकारच्या ॲगमार्कनेट पोर्टलवर बाजार समित्यांची आवक आणि भाव मिळतात. तो डेटा घेतला, पत्ते पिसावेत तसे सगळे दिवस पिसले, ८० टक्के दिवसांवर मॉडेलला शिकवलं आणि उरलेल्या २० टक्क्यांवर तपासलं. स्कोअर आला ०.९६! मी हवेत.

आमच्याच कंपनीच्या डेटा टीममध्ये जागा निघाली, तेव्हा इंटरव्ह्यूत हा प्रोजेक्ट दाखवला. समोरच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “मंगळवारचा भाव ओळखताना तुमच्या मॉडेलने बुधवारचा भाव आधीच पाहिला होता का?”

पाहिला होता. दिवस पिसल्यामुळे सोमवार आणि बुधवार शिकवणीत गेले होते आणि मधला मंगळवार परीक्षेत. भाव काही एका दिवसात सहसा जमीन-अस्मान बदलत नाही. म्हणजे सरळ पेपर फुटला होता! याला एमएलमध्ये ‘डेटा लीकेज’ म्हणतात. घरी येऊन जुन्या महिन्यांवर शिकवलं आणि नंतरच्या महिन्यांवर तपासलं. तेव्हा कळलं की ‘उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव’ हा एका ओळीचा नियम माझ्या मॉडेलपेक्षा बरा अंदाज देतोय.

जागा गेली ती गेलीच. पण विचार करा, त्या आकड्यावर भरवसा ठेवून एखाद्या शेतकऱ्याने माल चाळीत रोखून धरला असता तर?

आधी साधा अंदाज, मग मॉडेल

तेव्हापासून मी एक सवय लावली. मॉडेल बनवण्याआधी सगळ्यात साधा नियम किती चालतो ते बघायचं. याला ‘बेसलाइन’ म्हणतात. कॅगलवर नवशिक्यांसाठी टायटॅनिक जहाजाचा डेटा आहे. त्यात शिकण्यासाठी ८९१ प्रवासी दिलेत, त्यातले ३४२ वाचले. आता ‘कुणीच वाचलं नाही’ असं डोळे मिटून सांगितलं तरी सुमारे ६२ टक्के उत्तरं बरोबर येतात. ‘बायका वाचल्या, पुरुष नाही’ एवढाच नियम लावला तर सुमारे ७९ टक्के! म्हणजे तुमचं मॉडेल ७८ टक्क्यांवर असेल, तर ते एका ‘इफ-एल्स’पेक्षाही मागे आहे.

मग शिकायचं कुठून?

१. पायथन : एखादी भाषा येत असेल तर २-३ आठवडे पुरतात. सोबत नमपाय आणि पांडाज शिका.

२. गणित : बारावीचं मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि प्रॉबॅबिलिटी पुन्हा काढा. दाट धुक्यात गड उतरताना पुढचं दिसत नाही, मग पायाखालचा उतार चाचपत एकेक पाऊल टाकतो ना? ‘ग्रेडिएंट डिसेंट’ तसंच करतं आणि मॉडेलची चूक कमी करत जातं. उतार किती आहे हे सांगतं ते डेरिव्हेटिव्ह.

३. कोर्स : अँड्र्यू एनजी यांचा कोर्सेरावरचा एमएल कोर्स सुरुवातीला उत्तम. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट बघता येतात. कोणताही एकच निवडा आणि पूर्ण करा. पाच कोर्स अर्धे सोडण्यात काही अर्थ नाही.

४. सराव : सायकिट-लर्नने सुरुवात करा, न्यूरल नेटवर्कसाठी पुढे पायटॉर्च. भारी लॅपटॉप लागत नाही. गूगल कोलॅब आणि कॅगलवर ब्राउझरमध्येच कोड चालतो, मर्यादित जीपीयूही फुकट मिळतो. फोनवर व्हिडिओ बघा, नोटबुक वाचा, पण कोड लिहायला कीबोर्ड हवाच. कॉलेजची लॅब वापरली तरी चालेल.

डेव्हलपरची पाटी कोरी नसते

एसक्यूएल, गिट, टेस्टिंग, एपीआय हे सगळं इथेही लागतं. मॉडेल नोटबुकमध्ये चालणं वेगळं आणि रोज हजारो लोकांसाठी सर्व्हरवर न पडता चालणं वेगळं. हे दुसरं काम तुम्हाला आधीच थोडंफार येतं. म्हणून नोकरी सोडू नका. जिथे आहात तिथेच एखादं छोटं एमएलचं काम मागून घ्या.

मी तेच केलं. ग्राहकांच्या तक्रारी योग्य विभागाकडे पाठवणारं एक साधं मॉडेल बनवलं. त्या टीममध्ये आठ महिन्यांनी पुन्हा जागा निघाली. यावेळी मी स्कोअर नंतर सांगितला. आधी सांगितलं, बेसलाइन किती होती, डेटा कसा वेगळा केला आणि मॉडेल कुठे कुठे चुकतं. आज मी त्याच टीममध्ये आहे.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आज रात्री टायटॅनिकचा डेटा उघडा आणि ते ७९ टक्के स्वतः काढून बघा. दहा ओळींचा कोड आहे. आणि स्कोअर फारच छान आला, तर खूश होण्याआधी एकदा तपासा, पेपर फुटला नाही ना?